‘मी फक्त फॉलो-अप करते’

प्रश्न (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील काढून)

वय 38. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या खरेदी विभागात 13 वर्षं नोकरी. आमचे विभागप्रमुख चार महिन्यांनी निवृत्त होत आहेत. त्या जागेसाठी अर्ज करणार का, असं संचालकांनी बोलावून विचारलं आणि सहा आठवड्यांत काय ते कळवा म्हणाले. तेव्हापासून मी विचारच करते आहे. माझ्याकडे खास असं कौशल्य नाही, मी फक्त फॉलो-अप करते. मागच्या वर्षी एका पुरवठादाराकडे माल अडकला, तेव्हा दुसऱ्याकडून अर्धा माल आणून आणि उत्पादन विभागाशी बोलून दोन ऑर्डरींचा क्रम बदलून घेऊन लाइन बंद पडू दिली नाही, पण ते नशीब. नव्यांना कामाची घडी मीच बसवून देते, पण ते इतरांना वेळ नसतो म्हणून. कोटेशन पाहिलं की कोणता भाव पुढे टिकणार नाही याचा अंदाज येतो, पण एवढी वर्षं काढल्यावर तो कुणालाही येईल. उणिवा मात्र स्पष्ट दिसतात. बैठकीत कुणी अचानक प्रश्न विचारला की डोकं रिकामं होतं. व्यवस्थापनाची पदवी नाही. आणि मी फार मऊ आहे, भावावरून ताणून धरणं माझ्या रक्तात नाही, असं माझ्या पहिल्या साहेबांनीच सांगितलं होतं. इंटरनेटवर एक चाचणी सोडवली, तर ‘तुम्ही समजूतदार आहात, सर्वांना सांभाळून घेता’ एवढंच निघालं. माझी बलस्थानं कशी शोधायची? की अंथरूण पाहून पाय पसरावेत आणि नाही म्हणून मोकळं व्हावं?

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्रात तीन कामगिऱ्या आहेत आणि तिन्हींना तुम्ही लगेच एकेक कारण जोडलं आहे: नशीब, इतरांना वेळ नव्हता, अनुभवानं कुणालाही जमेल. उणिवाही तीनच आहेत, पण त्यांना एकही कारण जोडलेलं नाही. बैठकीत डोकं रिकामं होतं ते ‘प्रश्नच आडवळणाचा होता म्हणून’ असं तुम्ही लिहिलं नाहीत. यशाची उलटतपासणी करायची आणि अपयशाचा कबुलीजबाब मात्र जसाच्या तसा मान्य करायचा, असा हा न्याय आहे. अशा हिशेबात तुमच्या नावावर काही जमा होणं कठीणच.

‘कुणालाही जमेल’ हे आधी तपासू. 1990 साली एलिझाबेथ न्यूटन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या आपल्या संशोधनात एक साधा प्रयोग केला. काही जणांना ओळखीच्या गाण्यांची चाल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितली आणि समोरच्यानं गाणं ओळखायचं होतं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात 120 पैकी 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर चालू असतात, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. कोटेशन बघताना तुमच्या डोक्यात 13 वर्षांचे सूर चालू असतात: कच्च्या मालाचा भाव, त्या पुरवठादाराची मागची दिरंगाई, पहिल्या ऑर्डरला कमी भाव लावून दुसऱ्या ऑर्डरला वाढवून मागण्याची त्याची सवय. शेजारच्या टेबलावरच्याला फक्त आकडे दिसतात.

डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांचा 1999 चा अभ्यास बहुतेकांना अर्धाच माहीत असतो. ज्यांना कमी येतं ते स्वतःला फार समजतात, हा भाग सगळ्यांच्या तोंडी असतो. त्याच अभ्यासात सर्वात वरच्या एक चतुर्थांश लोकांनी इतरांच्या तुलनेत स्वतःला कमी लेखलं होतं. कारण आपल्याला जमतं ते बाकीच्यांनाही जमतच असेल, असं त्यांनी धरून चाललं होतं. त्यांना इतरांच्या उत्तरपत्रिका दाखवल्यावर मात्र त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज सुधारला. हे तुम्हालाही करून बघता येईल. मागच्या वर्षातली एखादी वेळीच सावरलेली किंवा फसलेली खरेदी घ्या. तिची सुरुवातीची तीन-चार कोटेशनं दोन सहकाऱ्यांपुढे ठेवा आणि कोणता भाव टिकणार नाही आणि का, हे विचारा. त्यांचं आणि तुमचं उत्तर शेजारी शेजारी मांडा. त्यांनाही लगेच ओळखता आलं, तर तुमचं म्हणणं बरोबर आणि हे तुमचं वेगळं बळ नाही. नाही आलं, तर ‘कुणालाही जमेल’ हे वाक्य पुन्हा लिहू नका.

आता बलस्थान कशाला म्हणायचं? मी तीन खुणा बघते. काम पुन्हा पुन्हा आणि वेगवेगळ्या परिस्थितीत चांगलं होतं. इतरांपेक्षा कमी ओढाताणीत होतं, किंवा निदान लवकर शिकता येतं. आणि ते केल्यावर माणूस पिळवटून निघत नाही. तिसरी खूण लोक विसरतात. उत्तम जमणारं पण जीव नकोसा करणारं काम हे कौशल्य आहे, पण त्यावर पुढची दहा वर्षं उभी करू नयेत. वर्षाअखेरीचा साठ्याचा ताळमेळ बिनचूक लावणाऱ्या आणि त्यानंतर चार दिवस कुणाशी न बोलणाऱ्या माणसाला त्याच कामाचा प्रमुख केलं, तर कंपनी आणि माणूस दोघंही फसतात.

या खुणा विचार करून सापडत नाहीत, कारण विचार करायला बसलं की आठवतात त्या चुका. त्या नोंदींतून सापडतात. पंधरा कामाचे दिवस, रोज निघण्याआधी दहा मिनिटं एवढं पुरे. वहीच्या पानावर चार रकाने आखा: अडचण काय होती, मी नेमकं काय केलं, त्यानं काय झालं, आणि नंतर मला कसं वाटलं (उत्साह, साधं, थकवा, एवढे तीनच शब्द). उदाहरणार्थ: ‘स्टोअरमध्ये बेअरिंगचा साठा चार दिवसांचा, पुरवठादार दहा दिवस मागतो / त्याला एकदम 1200 नगांऐवजी आधी 400 पाठवायला तयार केलं, उरलेल्यांची तारीख लेखी घेतली / लाइन चालू राहिली, जादा वाहतूक एका फेरीची / उत्साह.’ ‘पुरवठादाराचा फॉलो-अप केला’ अशी नोंद केली, तर वही जाळली तरी चालेल. त्यातून काहीच कळत नाही.

याच्या जोडीला मागच्या तीन वर्षांतल्या आठ ते दहा घटना लिहा. जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञानं 1954 साली ही पद्धत नीट मांडून दाखवली. तिची मुळं दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी हवाई दलातल्या कामात आहेत. शिकाऊ वैमानिक का नापास झाला, या रकान्यात ‘उपजत कौशल्य नाही’ अशी गुळगुळीत कारणं भरलेली असत आणि त्यांचा कुणाला काही उपयोग नसे. म्हणून मत विचारण्याऐवजी घटना विचारायची, असा रिवाज पडला: काय झालं, माणसानं काय केलं, परिणाम काय. तुमच्याकडे जुन्या ईमेल आहेत, ऑर्डरींची नोंद आहे, बैठकींची टिपणं आहेत. आठवणीवर विसंबू नका, ती कागदपत्रं उघडून बसा. प्रत्येक घटनेच्या शेवटी एक प्रश्न लिहा: त्या दिवशी मी रजेवर असते, तर काय झालं असतं?

नोंदी कुठे बिघडतात तेही सांगते. पहिलं, विशेषणं. ‘मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे’ हे लिहिलंत की खोडा, फक्त क्रियापदं ठेवा. दुसरं, ‘आम्ही’. ‘आम्ही तोडगा काढला’ हे सभ्य आहे, पण नोंदीत निरुपयोगी. कल्पना कुणाची, फोन कुणी केला, नाराज माणसाला कुणी समजावलं, हे वेगवेगळं लिहा. तिसरं, फक्त मोठे विजय निवडणं. साधा मंगळवार जास्त बोलका असतो. आणि चौथं म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवशी ‘आज विशेष काही घडलं नाही’ म्हणून वही बंद पडते. नेमकं त्याच दिवशी काय घडलं ते लिहायचं असतं, कारण ज्या कामाची तुम्हाला जाणीवच होत नाही ते आपण शोधतो आहोत.

पंधरा दिवसांनी सगळी क्रियापदं एका कागदावर काढा आणि सारखी वाटतील ती जवळ आणा. पत्रावरून मला अंदाज आहे की ‘आधी ओळखलं’, ‘तुकडे करून मागितलं’, ‘दोन विभागांना एका तारखेवर आणलं’ अशी काहीतरी गर्दी दिसेल. पण माझा अंदाज सोडा, वही काय म्हणते ते धरा. मग प्रत्येक ढिगाचं एक वाक्य करा: अशी अशी परिस्थिती असते तेव्हा मी हे करते आणि त्यानं हे होतं. ‘पुरवठा अडकतो तेव्हा मी मागणीचे तुकडे करते आणि दोन्ही बाजूंना नव्या तारखा मान्य करायला लावते, त्यामुळे लाइन थांबत नाही.’ हे वाक्य आणि ‘मी फॉलो-अप करते’ हे वाक्य एकाच कामाचं वर्णन आहे, पण पहिलं वाचणाऱ्या संचालकाला तुम्हाला कशासाठी घ्यायचं ते कळतं. अशी तीन वाक्यं निघाली तरी भरपूर झालं. सात-आठ निघाली, तर ढीग नीट झाले नाहीत.

मग इतरांना विचारा. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी या कामासाठी तयार केलेला एक सराव आहे, त्यात दहा ते वीस जणांकडून प्रसंग मागवतात. तुम्हाला आठ-दहा पुरतील: साहेब, दोन-तीन बरोबरीचे, तुम्ही शिकवलेले दोघे, उत्पादन आणि लेखा विभागातले एकेक जण, दोन पुरवठादार. ‘माझी बलस्थानं कोणती’ असं विचारू नका. समोरचा अवघडतो आणि ‘तुम्ही फार छान आहात’ म्हणून सुटका करून घेतो. लेखी निरोप पाठवा, म्हणजे त्याला आठवायला वेळ मिळेल: ‘मी माझ्या कामाचा आढावा घेते आहे. माझ्यामुळे तुमचं काम सोपं झालं असा एखादा ठरावीक प्रसंग आठवतो का? त्यात मी नेमकं काय केलं होतं? चार ओळी पुरेत, शुक्रवारपर्यंत मिळाल्या तर बरं.’ मोघम स्तुती आली, तर एकदाच विचारा, ‘एखादं उदाहरण?’ आणि थांबा. पुरवठादारांच्या गोडव्यातून थोडं वजा करून घ्या, त्यांना पुढची ऑर्डर हवी असते. त्यांनी सांगितलेली घटना मात्र ठेवा. शेवटी बघा: वहीत आणि या उत्तरांत दोन्हीकडे काय आलं? लोकांनी लिहिलं पण तुमच्या वहीत नाही, असं काही निघालं तर तो कागद जपून ठेवा. तो तुम्ही ‘त्यात काय विशेष’ म्हणून सोडून दिलेला भाग आहे.

ऑनलाइन चाचणीबद्दल थोडक्यात. 1949 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘त्याचं’ वर्णन दिलं. ते किती जुळतं याला मुलांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच दिलेलं होतं. ‘सर्वांना सांभाळून घेता’ हे न पटणारा माणूस मिळणं कठीण आहे. चाचणीतला एखादा शब्द आवडला, तर त्याला वहीत पुरावा शोधा. नाही सापडला तर सोडून द्या.

आता त्या तीन उणिवा. तुम्ही तिन्ही एकाच सुरात सांगितल्या आहेत, पण त्या तीन वेगळ्या जातीच्या आहेत.

पदवी नसणं ही वस्तुस्थिती आहे. तिच्यावर आत्मविश्वासाचा इलाज करू नका, चौकशी करा. त्या पदाच्या पात्रतेत पदवी लेखी आहे का? असेल तर अनुभवाची सवलत आहे का? संचालकांना तुमची शैक्षणिक पात्रता माहीत असूनच त्यांनी विचारलं असण्याची शक्यता मोठी आहे. तुम्हाला जे काम येत नाही, समजा विभागाचा वार्षिक अर्थसंकल्प बसवणं, ते शिकायला पदवी लागत नाही. मागच्या दोन वर्षांचे अर्थसंकल्प आणि लेखा विभागातल्या एखाद्या भल्या माणसाच्या तीन-चार दुपारी लागतात.

‘मी मऊ आहे’ हे मत आहे, आणि तेही उसनं. पहिल्या साहेबांनी सांगितलं, म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वी, तुम्ही नव्या असताना. कोणत्या प्रसंगावरून? त्यानंतर तुम्ही किती खरेद्या केल्यात? साहेबांचा शेरा आणि खरं मूल्यमापन यांत अंतर असतं. क्लुगर आणि डेनिसी यांनी 1996 मध्ये अभिप्रायांवरचे जुने अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सरासरीनं कामगिरी सुधारलेली दिसली, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्राय दिल्यानंतर ती खालावली होती. अभिप्राय कामाकडून माणसाकडे वळला की तो घात करतो, असं त्यांचं विवेचन होतं. ‘या ऑर्डरीत उधारीची मुदत मागायची राहिली’ हे ऐकून माणूस सुधारतो. ‘तुम्ही मऊ आहात’ हे ऐकून माणूस फक्त मऊ असल्यासारखा वागत राहतो. हा दावा तुम्हाला आकड्यांनी तपासता येईल. गेल्या वर्षभरातल्या तुमच्या 20 खरेद्या घ्या, पहिला भाव, शेवटचा भाव, उधारीचे दिवस आणि माल वेळेवर आला का, एवढं मांडा. विभागातल्या दुसऱ्या कुणाच्या, तशाच मालाच्या 20 बाजूला ठेवा. आवाज चढवून दोन टक्के कमी करून घेतले आणि माल तीन आठवडे उशिरा आला, तर तो सौदा कडक नव्हे, महाग म्हणायचा. मात्र तक्ता तुमच्या विरुद्ध गेला, भाव खरोखरच तुमचे जास्त निघाले, तर ते नाकारू नका. मग कुठे सोडता ते बघा. पहिलाच आकडा मान्य करता का? समोरचा गप्प बसला की तुम्हीच शांतता भरून काढता का? दुसऱ्या पुरवठादाराचा भाव हाताशी न ठेवताच बोलायला बसता का? या तिन्ही गोष्टी महिन्याभरात सुधारतात. त्यांत रक्ताचा काही संबंध नाही.

बैठकीतलं डोकं रिकामं होणं ही मात्र खरी अडचण आहे आणि तिच्यावर काम करावं लागेल. पण तुम्हीच लिहिलं आहे की ते अचानक प्रश्न आला की होतं. म्हणजे बोलता येत नाही असं नाही, न अपेक्षिलेला प्रश्न आला की गाडी अडते. अडचण एवढी लहान केली की तिला हात घालता येतो. बैठकीआधी येऊ शकणारे पाच प्रश्न लिहा. खरेदीच्या बैठकीत ते बहुधा तेच असतात: उशीर का, भाव का वाढला, पर्याय कोण, साठा किती दिवसांचा, पैसे कधी द्यायचे. एका पानावर त्यांचे आकडे ठेवा. सहावा, अनपेक्षित प्रश्न येणारच, त्यासाठी एक वाक्य तयार ठेवा: ‘हा आकडा तपासून आज चार वाजेपर्यंत कळवते.’ आणि चारच्या आत खरंच कळवा. प्रमुखाला सगळं पाठ असावं अशी कुणाचीही अपेक्षा नसते, शब्द पाळावा अशी असते.

मग पायऱ्या. पहिल्या बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य बोला, मग ते नुसतं एखाद्या तारखेची खात्री करणारं का असेना. पुढच्या बैठकीत एका विषयाचा दोन मिनिटांचा अहवाल द्या. तिसऱ्या बैठकीत पाच मिनिटांचा विषय घ्या आणि शेवटी स्वतःहून ‘प्रश्न आहेत का’ विचारा. प्रत्येक वेळी आधी भाकीत लिहायचं आणि नंतर प्रत्यक्ष काय झालं ते. भाकीत असं हवं, की तिसऱ्या माणसालाही ते खरं ठरलं की नाही हे सांगता येईल. ‘वाईट जाईल’ चालणार नाही. ‘उत्पादनप्रमुख प्रश्न विचारतील, मी दहा सेकंद गप्प राहीन आणि दुसरं कुणीतरी माझ्या वतीनं उत्तर देईल, शक्यता 80 टक्के’ हे चालेल. पाच-सहा बैठकींनंतर भाकिताचा आणि घडलेल्याचा रकाना एकत्र वाचा. अंदाज चुकत गेले असतील, तर धसका कमी होतो. खरे ठरले असतील, तर कोणत्या पायरीवर, ते नेमकं कळतं आणि तिथे एक पायरी मागे घेता येते.

यात एक पेच आहे. भीतीपोटी आपण काही कुबड्या धरतो: कागदावरून वाचणं, भराभर बोलून टाकणं, दाराजवळ बसणं, कठीण विषय शेजाऱ्याकडे सरकवणं. कुबडी घेऊन बैठक पार पडली, की मन श्रेय कुबडीला देतं आणि समजूत तशीच राहते. म्हणून पायरी चढताना एकेक कुबडी सोडावी लागते. सगळ्या एकदम सोडल्या तर आपटायला होतं.

आरशापुढे उभं राहून ‘मी करू शकते’ म्हणण्यापेक्षा हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये ‘मला हे जमेल’ या विश्वासाचे चार स्रोत सांगितले. त्यांत सर्वात भक्कम म्हणजे स्वतः करून जमल्याचा अनुभव. त्यानंतर आपल्यासारख्या माणसाला करताना पाहणं, कुणीतरी धीर देणं, आणि धडधड, घाम या शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. गोड शब्दांचा धीर टिकाऊ नसतो, पहिल्या ठेचेला तो ओसरतो. दुसऱ्या स्रोताचा उपयोग करून घ्या: तुमच्याच कंपनीत पदवी नसलेलं किंवा कमी बोलणारं, पण विभाग नीट चालवणारं कुणी आहे का? त्यांच्या एखाद्या बैठकीत मागे बसून बघा. फर्डा वक्ता बघून तुमचा धीर वाढणार नाही, उलट खचेल.

हे सगळं केल्यावरही एक प्रश्न उरतो, आणि तो मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. तुम्हाला ते पद हवं आहे का? भीती आणि नावड बाहेरून सारख्या दिसतात. दोन्हींत पाय मागे ओढला जातो. वेगळं करायची एक रीत आहे. समजा कुणी लेखी हमी दिली, की तुम्हाला काम चांगलं जमेल आणि कुणी हसणार नाही. तरीही प्रमुखाचा दिवस तुम्हाला जगावासा वाटतो का? त्यासाठी तो दिवस माहीत हवा. निवृत्त होणाऱ्या प्रमुखांकडून त्यांच्या मागच्या दोन आठवड्यांचं वेळापत्रक मागून घ्या आणि तास मोजा: माणसांचे प्रश्न किती, अर्थसंकल्प आणि मंजुऱ्या किती, इतर विभागांशी भांडणं किती, प्रत्यक्ष खरेदी किती. शेवटचा आकडा बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा लहान निघतो. त्याला तुमच्या वहीतला चौथा रकाना लावून बघा. नव्यांना शिकवल्यावर ‘उत्साह’ लिहिला असेल आणि दोन विभागांच्या वादात पडल्यावरही ‘थकवा’ नसेल, तर हा दिवस तुमचा आहे. उत्साह फक्त सौद्याच्या नोंदींपुढे असेल, तर प्रमुखपदानं तो तुमच्यापासून हिरावला जाईल. मग नाही म्हणण्याला स्वतःला कमी लेखणं म्हणता येणार नाही.

आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच पर्याय नाहीत. आधी दोन महिने प्रमुखांच्या हाताखाली उपप्रमुखाचा कार्यभार घेऊन मग ठरवणं हा एक. तुमचे सहा आठवडे वजा केले तरी त्यांच्या निवृत्तीला अडीच महिने उरतात, त्यामुळे तो बसतो. पुरवठादार निवडणं आणि घडवणं ही स्वतंत्र जबाबदारी पगारवाढीसह मागणं हा दुसरा. अर्ज करून अर्थसंकल्पासाठी सहा महिने मदतनीस मागणं हा तिसरा. तुमच्या बळाची दुसरी बाजूही आत्ताच बघून ठेवा: सगळ्यांची अडलेली कामं स्वतः निस्तरणारा माणूस प्रमुख झाला, की तो विभागातल्या प्रत्येकाची कामं करू लागतो आणि वर्षात संपतो. पद घेतलंत, तर पहिल्या महिन्यात कोणती तीन कामं दुसऱ्याला द्यायची, ती यादी आधी करा.

ज्यांच्यापुढे असं पद नाही, नुकतीच नोकरी लागली आहे किंवा मध्ये काही वर्षं खंड पडला आहे, त्यांनाही ही वही चालते. नोकरीऐवजी शिकताना केलेला प्रकल्प, एखाद्या कार्यक्रमाचं नियोजन, घरातल्या आजारपणात सांभाळलेली कागदपत्रं, काहीही धरा, रकाने तेच. आणि कुणाच्या बाबतीत कामाची जागाच अशी असेल, की प्रत्येक सूचना हसण्यावारी जाते आणि श्रेय दुसऱ्याच्या नावावर चढतं, तर तिथे दोष आपल्या समजुतीत शोधत बसू नका. वहीतल्या घटना घेऊन दुसरीकडे अर्ज करा. यश मिळूनही ‘आपण लायक नाही, एक दिवस उघडे पडू’ असं वाटत राहणं फार जणांना होतं. पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स यांनी 1978 मध्ये त्याचं वर्णन केलं, तो काही आजार नाही. मात्र कित्येक आठवडे झोप लागत नसेल, कामावर जायच्या विचारानंच छाती धडधडत असेल, तर वहीवर भागवू नका, समुपदेशकाला भेटा.

तुमच्या सहा आठवड्यांपैकी पहिले तीन वहीचे. दुसऱ्या आठवड्यात लोकांना निरोप पाठवा आणि प्रमुखांचं वेळापत्रक मागा. बैठकीच्या पायऱ्या पहिल्यापासून सुरू करा, नाहीतर तीन पायऱ्यांनाही वेळ पुरणार नाही. चौथ्यात ढीग आणि वाक्यं, आणि खरेद्यांचा तक्ता. पाचव्यात संचालकांची अर्धा तास वेळ घ्या आणि तीन गोष्टी विचारा: मला विचारावंसं तुम्हाला कशावरून वाटलं, पहिल्या वर्षाअखेर काय झालेलं बघायला आवडेल, आणि माझ्या बाबतीत तुम्हाला शंका कशाची वाटते? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना मध्ये ‘पण’ घालू नका, लिहून घ्या. तिसऱ्याचं उत्तर ‘काही नाही’ आलं तर म्हणा, ‘एक सांगाच.’ ती शंका तुमच्या तीन उणिवांपैकीच एखादी असेल, तर तोवर तिच्यावर काय केलंत ते दाखवायला तुमच्याकडे कागद असेल. नवीच निघाली, तर सहावा आठवडा तिच्यासाठी राखलेला आहे.